नाव कमी करायचा अमेरिकन अर्ज : फॉर्म १०४०-एक्स कसा चालतो, कुठे अडतो

रेशन कार्डावरून नाव कमी करायचा अर्ज ज्यांनी कधी भरला आहे त्यांना फॉर्म १०४०-एक्स परका वाटणार नाही. अमेरिकेतल्या टॅक्स रिटर्नवर चुकून कोणाचं नाव डिपेंडंट (करदात्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) म्हणून लागलं, मग ते सांगलीत राहणारे आईवडील असोत, कॉलेजात गेलेली मुलगी असो की घटस्फोटानंतर दुसऱ्या घरी राहणारा मुलगा, तर ते उतरवायचा अधिकृत मार्ग हाच. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, त्यासाठी काही फी घेत नाही आणि २०२० च्या ऑगस्टपासून तो ऑनलाइनही भरता येतो. सेवा म्हणून पाचपैकी साडेतीन गुण द्यायला हरकत नाही. कापलेल्या दीड गुणातला एक गुण एकाच गोष्टीसाठी आहे: हा फॉर्म नाव मुकाट्याने कमी करून घेतो, पण त्या नावाच्या आधारावर रिटर्नमध्ये आणखी काय काय उभं होतं ते विचारत नाही. ते भरणाऱ्यानेच आठवायचं. उरलेला अर्धा गुण राज्याच्या खात्यावर.

आधी चूक होते कुठे ते पाहू, कारण दुरुस्ती त्यावर ठरते. मराठी घरांत सगळ्यात जास्त घोटाळा आईवडिलांच्या नावांवरून होतो आणि त्याला कारण आहे. भारतात नोकरी केलेल्या माणसाने कंपनीच्या मेडिक्लेमच्या फॉर्मवर आईवडिलांना डिपेंडंट लिहिलेलं असतं. ८०डी कलमाखाली त्यांच्या विम्याच्या हप्त्याची वजावट घेतलेली असते, आणि तिथे तर ते आपल्यावर अवलंबून असायचीही अट नाही. तीच सवय अमेरिकेत सोबत येते. दरमहा पैसे पाठवतो, औषधपाणी बघतो, म्हणजे ते आपल्यावर अवलंबून आहेत. घराच्या हिशेबाने खरं, आयआरएसच्या हिशेबाने नाही.

आयआरएसची पहिली चाळणी राहण्याची आहे. डिपेंडंट व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा टॅक्सच्या अर्थाने रहिवासी हवी, नाहीतर कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी. भारताचं नाव त्या यादीत नाही. त्यामुळे भारतीय नागरिक असलेले, वर्षभर सांगलीत राहिलेले आईवडील, कितीही पैसे पाठवले तरी, बसत नाहीत. इथेच प्रकरण संपतं, पुढच्या चाळण्यांपर्यंत जायची गरजच नाही.

घोळ होतो तो व्हिजिटर व्हिसावर येऊन सहा महिने राहून जाणाऱ्यांचा. त्यांचे दिवस असे मोजतात: या वर्षातले सगळे दिवस, गेल्या वर्षातल्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षाचा सहावा हिस्सा. बेरीज १८३ झाली आणि या वर्षी किमान ३१ दिवस झाले असतील, तर ती व्यक्ती त्या वर्षापुरती रहिवासी धरली जाते. ५ मेला उतरून १ नोव्हेंबरला परत गेलेल्या आईचे १८१ दिवस भरतात. आधीच्या दोन वर्षांत ती आलीच नसेल, तर ती रहिवासी नाही. पण गेल्या वर्षी ९० दिवस राहून गेली असेल, तर १८१ अधिक ३० म्हणजे २११, आणि कागदावर ती रहिवासी झाली. अर्थात, चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस राहिलेल्यांना फॉर्म ८८४० भरून आपला खरा संबंध भारताशीच आहे असं सांगता येतं, आणि बहुतेकांनी ते सांगणंच शहाणपणाचं. रहिवासी ठरलं की भारतातलं उत्पन्नही अमेरिकेच्या नजरेत येतं, आणि डिपेंडंटमागे मिळणाऱ्या ५०० डॉलरच्या क्रेडिटसाठी (करातून थेट वजा होणारी सवलत) ते लोढणं गळ्यात घ्यायचं का, हा विचार आधी करायला हवा.

दुसरी चाळणी उत्पन्नाची. मुलं सोडून इतर डिपेंडंटच्या एकूण उत्पन्नाची मर्यादा २०२३ साठी ४,७०० डॉलर होती, २०२४ साठी ५,०५० आणि २०२५ साठी ५,२००. उत्पन्न त्या आकड्यापेक्षा कमी हवं. वडिलांना घरभाडं आणि मुदत ठेवींचं व्याज मिळून महिन्याला ४०,००० रुपये येत असतील, तर वर्षाचे ४ लाख ८० हजार. डॉलरला ८४ रुपये धरले तरी ५,७०० च्या वर. वडील बाद. आईच्या नावावर काहीच नसेल तर ती या चाळणीतून सुटू शकते. नवराबायकोंपैकी एक बसतं आणि एक नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. सरकारी पेन्शनचा हिशेब मात्र भारत-अमेरिका कर करारामुळे वेगळा होतो, तिथे ऐकीव सल्ल्यावर जाऊ नये. तिसरी चाळणी खर्चाची: वर्षाचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही उचललेला हवा.

आता फॉर्मकडे. मूळ रिटर्नची मुदत अजून संपलेली नसेल, तर दुरुस्त रिटर्न आधीच्या रिटर्नची जागाच घेतं आणि व्याजाचा प्रश्न येत नाही. मुदतीआधी चूक सापडली तर रेंगाळू नये, याचं हे एक कारण. दुसरं कारण नवराबायकोंच्या एकत्र रिटर्नचं: मुदतीनंतर एकत्रचं वेगवेगळं करता येत नाही. मूळ रिटर्न अजून प्रक्रियेत असेल तर मात्र ते पूर्ण होऊन रिफंड हातात येईपर्यंत थांबायचं, असं आयआरएस स्वतः सांगतं. आलेला रिफंड बँकेत जमा करायला हरकत नाही. चुकीचा आहे म्हणून चेक परत पाठवणारे लोक असतात, त्याने गुंता वाढतोच.

फॉर्मला तीन रकाने. ए मध्ये मूळ आकडा, सी मध्ये बरोबर आकडा, बी मध्ये दोहोंतला फरक. पद्धत जुन्या हिशेबनिसांना आवडावी अशी आहे, कारण काय बदललं ते एका ओळीत दिसतं. २०२४ चं एक उदाहरण घेऊ. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं जोडपं, एकत्र रिटर्न, समायोजित उत्पन्न १,४०,००० डॉलर. ठरावीक वजावट २९,२०० गेल्यावर करपात्र १,१०,८००. त्यावर कर १४,४८२. इथे जन्मलेल्या, १७ वर्षांखालच्या एका मुलाचं क्रेडिट २,०००. शिवाय सांगलीतल्या दोघांचं प्रत्येकी ५०० प्रमाणे १,०००, म्हणजे जे घ्यायलाच नको होतं ते. मूळ रिटर्नवर कर निघाला ११,४८२, पगारातून कापले गेले होते १२,९००, रिफंड आला १,४१८.

दुरुस्तीत उत्पन्न, वजावट आणि कर या ओळी ए आणि सी मध्ये सारख्याच, बी मध्ये शून्य. क्रेडिटच्या ओळीत ए ३,०००, बी उणे १,०००, सी २,०००. एकूण कराच्या ओळीत ए ११,४८२, बी १,०००, सी १२,४८२. कापलेला कर १२,९०० तसाच. आणि नेमकं इथे, हातातोंडाशी आलेला हिशेब लोक बिघडवतात. १२,९०० तून १२,४८२ वजा केले की ४१८ उरतात, म्हणजे अजून ४१८ मिळणार, असं वाटतं. पण १,४१८ आधीच मिळून खर्चही झालेत. त्यासाठी फॉर्मवर स्वतंत्र ओळ आहे, मूळ रिटर्नवर दाखवलेल्या जादा भरण्याची. ती एकूण भरण्यातून वजा करायची: १२,९०० वजा १,४१८, उरले ११,४८२. कर १२,४८२. देणं १,०००. ही ओळ कोरी ठेवली तर फॉर्म कागदावर नीट दिसतो, आयआरएस तो आपल्या आकड्यांनी दुरुस्त करतं आणि काही आठवड्यांनी रिफंडऐवजी बिल येतं. सॉफ्टवेअर ही ओळ आपोआप भरतं, पण मूळ रिटर्न त्याच सॉफ्टवेअरमध्ये केलं असेल तरच. दुसरीकडून केलं असेल तर मूळ रिटर्नचे आकडे हाताने घालावे लागतात आणि नेमका हाच राहून जातो.

व्याज आणि दंड फॉर्मवर मिळवायचे नाहीत. देण्याच्या ओळीत फक्त १,००० लिहायचे, व्याजाचं पत्र आयआरएस मागाहून धाडतं. व्याज मूळ मुदतीपासून, या उदाहरणात १५ एप्रिल २०२५ पासून, दररोज चक्रवाढीने लागतं. दर २०२४ मध्ये वार्षिक ८ टक्के होता, २०२५ मध्ये ७. सहा महिने उशीर झाला तर १,००० वर साधारण ३५ डॉलर. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, पण फॉर्मबरोबरच पैसे भरून टाकले तर मीटर तिथेच थांबतो. आयआरएसच्या डायरेक्ट पे पानावर कारण म्हणून दुरुस्त रिटर्न आणि वर्ष २०२४ निवडायचं. चालू वर्ष निवडलं तर पैसे भलत्याच खात्यात जाऊन बसतात आणि ते हलवायला फोनवर ताटकळावं लागतं.

डिपेंडंटच्या यादीचा भाग सगळ्यात जास्त चुकतो. तिथे दुरुस्तीनंतर जे डिपेंडंट उरले त्या सगळ्यांची नावं लिहायची असतात. लोक उलटं करतात: ज्याचं नाव काढायचं तेच लिहितात, किंवा जे बदललेलंच नाही त्या मुलाचं नाव लिहीत नाहीत. मग बरोबर असलेलं मुलाचं २,००० चं क्रेडिटही अडतं. फायलिंग स्टेटसची (एकट्याचं रिटर्न, एकत्र रिटर्न वगैरे) चौकटही, काही बदललं नसलं तरी, पुन्हा भरायची. आणि मुलांच्या क्रेडिटचा हिशेब शेड्युल ८८१२ या जोडपत्रावर होत असल्यामुळे ते नव्याने करून जोडावं लागतं.

स्पष्टीकरणाची जागा मोठी दिसते म्हणून तिथे निबंध लिहायचा नाही. इंग्रजीत तीन वाक्यं पुरतात, आशय असा: मूळ रिटर्नवर करदात्याचे आईवडील डिपेंडंट दाखवले होते, ते २०२४ मध्ये भारतात राहत होते, अमेरिकेचे नागरिक वा रहिवासी नव्हते, दोघांची नावं आणि त्यांच्यासाठी घेतलेलं १,००० डॉलरचं क्रेडिट काढलं आहे. माफी, कन्सल्टंटला दोष, व्हिसाची काळजी यातलं काहीही नको. वाचणाऱ्याला फक्त कोणती ओळ का हलली ते हवं असतं.

आता तो कापलेला एक गुण. वरच्या उदाहरणात आईवडिलांच्या नावाला फक्त ५०० चं क्रेडिट लटकलं होतं, म्हणून ते स्वस्तात सुटले. एकट्या पालकाने मुलाचं नाव काढलं की हेड ऑफ हाउसहोल्ड हे, एकट्याने घर चालवणाऱ्याचं सवलतीचं स्टेटसही बहुधा जातं. २०२४ मध्ये त्याची ठरावीक वजावट २१,९०० होती, सिंगलची १४,६००. ७,३०० चा फरक, २२ टक्क्यांच्या टप्प्यात १,६०६ डॉलर, शिवाय कराचे टप्पेही अरुंद होतात. त्यात मुलाचं २,००० चं क्रेडिट, २०२५ साठी ते २,२०० झालं आहे. पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिट. कमी उत्पन्न असेल तर अर्न्ड इन्कम क्रेडिट, जे एका मुलासाठी २०२४ मध्ये कमाल ४,२१३ होतं आणि मुलाशिवाय ६३२. आरोग्य विमा मार्केटप्लेसमधून, म्हणजे सरकारी विमा बाजारातून, घेतला असेल तर घरातली माणसं एकाने कमी होतात, सबसिडीचा हिशेब फॉर्म ८९६२ वर पुन्हा मांडावा लागतो आणि थोडी सबसिडी परत करायची वेळ येऊ शकते. १०४०-एक्सवर यातलं काहीही विचारलेलं नाही. ए, बी, सी रकाने जुळले की फॉर्म खूश. म्हणून हातात पेन घेऊन फॉर्मपासून सुरुवात करू नये. आधी पूर्ण १०४०, म्हणजे मूळ रिटर्नचा फॉर्म, नव्याने करायचा, जणू ते नाव कधी नव्हतंच, आणि त्यातले आकडे सी रकान्यात उतरवायचे. जुन्या आकड्यांत वजाबाक्या करत बसणाऱ्यांचा हिशेब हमखास चुकतो.

कॉलेजातल्या मुलांचं प्रकरण वेगळ्या जातीचं. मुलगी विद्यापीठात, उन्हाळ्यात ६,८०० डॉलर कमावले, थोडा कर कापला गेला, तो परत मिळवायला फेब्रुवारीत तिने स्वतःच मोबाइलवर रिटर्न भरून टाकलं. तुम्हाला कोणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं का, या प्रश्नाला तिने नाही म्हटलं. प्रश्न शकतं का असा आहे, दाखवलं का असा नाही. आईबाबांनी अजून रिटर्न भरलेलंच नाही, म्हणजे दाखवलेलं नाही, असा तिचा सरळ तर्क. पण २४ वर्षांखालची, पूर्णवेळ शिकणारी, निम्म्याहून जास्त खर्च आईवडिलांचा असलेली मुलगी दाखवता येते, मग कोणी दाखवो न दाखवो. कॉलेजसाठी बाहेर राहणं तात्पुरतं धरतात, त्यामुळे ती घरीच राहते असं मानलं जातं.

एप्रिलमध्ये आईवडिलांचं ई-फाईल परत येतं: हा सोशल सिक्युरिटी नंबर दुसऱ्या रिटर्नवर आधीच आहे. नाव एकाच वेळी दोन रेशन कार्डांवर. आपल्याकडे सासरच्या कार्डावर नाव चढवायला माहेरच्या कार्डावरून कमी केल्याचा दाखला लागायचा. आयआरएस असा दाखला मागत नाही, आणि गंमत म्हणजे मुलीने १०४०-एक्स भरला तरी त्या हंगामात तो नंबर ई-फाईलसाठी मोकळा होईलच असं धरून चालता येत नाही. पूर्वी आईवडिलांना कागदी रिटर्न टपालाने पाठवावं लागायचं. २०२५ च्या हंगामापासून आयआरएसने हे सुधारलं: रिटर्नवर पहिलं नाव ज्याचं आहे त्याने आयपी पिन (ओळख पटवणारा गुप्त नंबर) घातला तर असं रिटर्नही ऑनलाइन स्वीकारलं जातं. पिन आयआरएसच्या ऑनलाइन खात्यातून फुकट मिळतो. या एका बदलासाठी त्यांचं कौतुक करायला हवं. मुलीचं १०४०-एक्स पूर्ण व्हायची वाटही पाहावी लागत नाही, दोन्ही रिटर्न आपापल्या वाटेने जातात.

तिच्या दुरुस्तीत पैशाने बहुधा काहीच हलत नाही. डिपेंडंट ठरल्यावर तिची वजावट पूर्ण १४,६०० मिळत नाही; २०२४ च्या नियमाने कमाई अधिक ४५० किंवा १,३००, यातलं जे जास्त ते. ६,८०० अधिक ४५० म्हणजे ७,२५०. कमाईपेक्षा जास्तच. करपात्र उत्पन्न आधीही शून्य, आताही शून्य, रिफंड तेवढाच. स्वतःच्या कमाईऐवजी आजोबांनी नावावर केलेल्या फंडांचा लाभांश वगैरे असेल तर मात्र चित्र पालटतं: त्याला वजावट १,३०० चीच, आणि असं उत्पन्न २०२४ मध्ये २,६०० च्या वर गेलं की वरच्या भागावर आईवडिलांच्या दराने कर लागतो.

एक बारीक जागा शिक्षणाच्या क्रेडिटची. कमाल २,५०० डॉलरचं हे क्रेडिट एकत्र रिटर्नवाल्यांना १,६०,००० उत्पन्नापासून कमी होत १,८०,००० ला संपतं. आईवडील त्यापलीकडे असतील तर ते मुद्दाम मुलीला दाखवत नाहीत, मग तिच्या फीसाठीचं क्रेडिट ती स्वतः घेऊ शकते. पण तेव्हाही दाखवू शकतं का या चौकटीत होच यायला हवं, आणि रोख परत मिळणारा १,००० पर्यंतचा हिस्सा तिच्यासारख्या विद्यार्थिनीला बहुतेक वेळा मिळत नाही. म्हणजे तिला पुरेसा कर लागत असेल तरच हा उद्योग फायद्याचा. नाहीतर सरळ आईवडिलांनी नाव लावून ५०० घ्यावेत.

घटस्फोटित पालकांबद्दल थोडक्यात: मूल वर्षात ज्याच्याकडे जास्त रात्री राहिलं त्याचा हक्क, रात्री समान असतील तर ज्याचं समायोजित उत्पन्न जास्त त्याचा. दुसऱ्या पालकाला हक्क द्यायचा तर फॉर्म ८३३२ वर सही लागते, कोर्टाच्या कागदातलं वाक्य आयआरएसला पुरत नाही. दोघांनीही एकच मूल दाखवलं तर कालांतराने दोघांना सीपी८७ए हे पत्र येतं. त्यात दोष कोणाचा ते लिहिलेलं नसतं. चूक आपली असेल तर १०४०-एक्स भरायचा. आपलं बरोबर असेल तर काही करायचं नाही, मुलाच्या शाळेचे आणि डॉक्टरचे पत्ता असलेले कागद जपून ठेवायचे. चूक आपली आहे हे माहीत असून गप्प बसणं महागात पडतं. आयआरएसने चौकशी सुरू करण्याआधी स्वतःहून दुरुस्ती केली तर २० टक्क्यांचा दंड टळतो. बेफिकिरीने क्रेडिट घेतल्याचं ठरलं तर ते क्रेडिट दोन वर्षं बंद होतं, लबाडी ठरली तर दहा.

ऑनलाइन की कागदावर? शक्य असेल तिथे ऑनलाइनच. चालू आणि त्यामागची दोन वर्षं ई-फाईल होतात, एका वर्षासाठी जास्तीत जास्त तीन वेळा. चौथ्यांदा पाठवलं तर परत येतं. ई-फाईलमध्ये पूर्ण नवं रिटर्न सोबत जातं, त्यामुळे जोडपत्र राहून जायची भीती कमी. २०२१ आणि पुढच्या वर्षांसाठी रिफंड थेट बँकेत येतो. कागदावर भरायचं तर प्रत्येक वर्षाचा फॉर्म वेगळा आणि पाकीटही वेगळं, एकत्र रिटर्न असेल तर सह्या दोघांच्या. एक सही राहिली की पाकीट महिन्याभराने परत. रिफंड मागायची मुदत मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं किंवा कर भरल्यापासून दोन, यातलं जे नंतर येईल ते. देणं निघत असेल तर या मुदतीच्या आड लपायचं कारण नाही.

चुकून १०४०-एनआर या अनिवासींच्या फॉर्मऐवजी १०४० भरलेल्या, एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांनाही याच फॉर्मवर यावं लागतं. तिथे आकड्यांचे रकाने कोरे ठेवायचे, नाव-पत्ता-नंबर आणि स्पष्टीकरण लिहायचं, खरं १०४०-एनआर सोबत जोडायचं आणि त्याच्या माथ्यावर दुरुस्त असा शब्द इंग्रजीत लिहायचा. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१(२) मुळे ठरावीक वजावट १०४०-एनआरवरही मिळते, हे विसरून कर जास्त भरणारे दरवर्षी दिसतात.

वाट पाहण्याची वेळ आली की सेवेचा कस लागतो. पाठवल्यावर तीन आठवडे तर काहीच दिसत नाही. प्रक्रियेला ८ ते १२ आठवडे, कधी १६. दुरुस्त रिटर्न कुठे आहे ते सांगणारं पान सोशल सिक्युरिटी नंबर, जन्मतारीख आणि झिप कोड घेतं आणि तीनच शब्दांत उत्तर देतं: मिळालं, बदल केला, पूर्ण झालं. मधले दोन महिने मिळालं यावरच अडकलेले. त्याऐवजी ऑनलाइन खात्यातलं त्या वर्षाचं अकाउंट ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे खात्याचा उतारा, उघडावं. ९७१ किंवा ९७७ कोड दिसला की दुरुस्ती नोंदली गेली. २९० म्हणजे कर वाढवला, २९१ म्हणजे कमी केला, पुढे रक्कम आणि तारीख. वरच्या उदाहरणातल्या जोडप्याला २९० समोर १,००० दिसले की काम झालं, पत्राची वाट बघायची गरज नाही. दिसायला हे पान बँकेच्या जुन्या पासबुकासारखं आहे, पण खरी माहिती तिथेच.

फॉर्म कोणाकडून भरून घ्यायचा? फक्त ५०० चं क्रेडिट काढायचं असेल तर सॉफ्टवेअर पुरे. स्टेटस बदलत असेल, मार्केटप्लेसचा विमा असेल किंवा दिवस मोजायचे असतील, तर माणूस हवा. पैसे घेऊन रिटर्न करणाऱ्याने त्यावर सही आणि आपला पीटिन (रिटर्न करणाऱ्याचा आयआरएसकडचा नोंदणी) नंबर घालणं बंधनकारक आहे. व्हॉट्सॲपवर स्वस्तात रिटर्न करून देणाऱ्यांची चलती आहे, काही जण काम भारतातून करतात. तसं करण्यात गैर काही नाही, पण तुमची माहिती देशाबाहेर पाठवायची तर तुमची लेखी संमती आधी घ्यावी लागते. संमतीचा कागद पुढे आला नाही, रिटर्नवर सही नाही आणि जास्तीत जास्त रिफंडची हमी मात्र आहे, तर सांगलीतले आईवडील रिटर्नवर कसे चढले याचं उत्तर तिथेच सापडतं. चूक त्यांची असेल तर दुरुस्ती फुकट करून मागावी. कर मात्र तुम्हालाच भरायचा आहे, आणि व्याजाचं बिलही तुमच्याच नावाने येणार.

राहिला राज्याच्या खात्यावरचा अर्धा गुण. फेडरल दुरुस्ती केली म्हणून राज्याचं रिटर्न आपोआप बदलत नाही, आणि १०४०-एक्स त्याची आठवणही धड करून देत नाही. न्यू जर्सीत फेडरल दुरुस्तीनंतर ९० दिवसांत राज्याचं दुरुस्त रिटर्न द्यावं लागतं. तिथे प्रत्येक डिपेंडंटमागे १,५०० डॉलरची सूट आहे. एडिसनच्या जोडप्याची ३,००० ची सूट जाते, ५.५२५ टक्क्यांच्या टप्प्यात सुमारे १६६ डॉलर. कॅलिफोर्नियात कर वाढत असेल तर सहा महिन्यांत कळवायचं, फॉर्म ५४० नव्याने भरून त्याला शेड्युल एक्स जोडायचं. टेक्सास आणि वॉशिंग्टनवाल्यांना पगारावर राज्याचा कर नाही, ते या भानगडीतून सुटले. आयआरएस आणि राज्यं एकमेकांना माहिती देतात, तेव्हा राज्याचं पत्र आज ना उद्या येतंच. ते येण्याआधी फॉर्म गेलेला असला तर १६६ वर थोडंसंच व्याज लागतं.